बदलीच्या गावाला, चालत

१९ नोव्हेंबर १९८२

"चालायला लागली की हिचं तोंड गप ऱ्हातं. उतरवा हिला खाली!" – अप्पा म्हणाले होते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बिदरच्या वाटेवर, बैलगाडीत. माझ्या बडबडीनं सगळे कावले होते. मला उतरवलं आणि खरंच, मी गाडीमागं चालत राहिले, एक शब्द न बोलता. मागचं चाक बघत. पुढच्या गावात अव्वानं – माझ्या आईनं – विचारलं, "रुसलीस का गं?" रुसले नव्हते. चालताना माझ्या तोंडाशी शब्द येतच नाहीत. अजूनही.

आज सकाळी उदगीर सोडताना हेच आठवलं. पंचफुला पुढं, मी मागं. दोघींच्या पाठीवर एकाच ताडपत्रीतून शिवलेल्या दोन पिशव्या, खांद्यावर पट्टे, बाहेरून एक बटणाचा कप्पा. शिंपी शेवटपर्यंत विचारत होता – "बाई, हे नेमकं कशाला घालायचंय? घोड्याला?" पंचफुला म्हणाली, "हाव. दोन घोड्या हायत."

तर झालं असं. जिल्हा फुटला. ऑगस्टात लातूर वेगळं झालं आणि सरकारी माणसं वाटली गेली, कुणी इकडं, कुणी तिकडं. पंचफुला नर्स. ती तर पार नांदेड जिल्ह्याच्या टोकाला – हिमायतनगरच्या पुढं, माहूरच्या डोंगराअलीकडं, पळसवाडीच्या उपकेंद्रावर. हजर व्हायला अवधी होता. म्हणाली, "मी चालत जानार."

मी हसले.

"एस्टीत बसलं की गाव कवा मागं पडलं कळतच न्हाई, गौरा. मला कळू दे."

मी हसायची थांबले. म्हटलं, मी पोचवायला येते. दिवाळीची सुट्टी आहेच. आणि उदगीरच्या शाळेचा राजीनामा देऊन झालेला आहे. रेवणसिद्ध – माझा धाकटा भाऊ – आडत लातूरला हलवतो आहे. आता कोर्ट-कचेऱ्या सगळं तिकडं. त्याच्या नव्या घरात मला खिडकीची खोली ठेवली आहे. तिथल्या शाळेत शब्दही टाकून ठेवला आहे.

म्हणजे ती पळसवाडीत राहणार आणि मी पळसवाडीहून एस्टीनं लातूरला. ठरलेलं आहे.

ठरलेलंच आहे.

२० नोव्हेंबर

टाचेला फोड! पंचफुलानं त्याचं नाव रेवणसिद्ध ठेवलं. "अक्काला सोडतच न्हाई बग!"

२१ नोव्हेंबर, मुखेडच्या अलीकडे

आज हसून हसून बरगड्या दुखल्या.

दुपारी एका वस्तीत शिरलो. पारावर दहा-बारा बाप्ये पत्ते खेळत होते. आम्ही दिसलो. एकानं पंचफुलाकडं नीट बघितलं – पांढरी साडी, हातात घड्याळ, पाठीवर पिशवी – आणि ओरडला, "आल्या रे! आपरेशनवाल्या आल्या!"

पळाले! पत्ते तसेच टाकून. एक जण तर ज्वारीच्या वाळक्या धाटात घुसला आणि तिथून डोकावून बघत राहिला. आणीबाणीतली नसबंदीची भीती अजून पायात आहे लोकांच्या.

पंचफुला पारावर निवांत बसली. पत्ते गोळा केले. मग मोठ्यानं म्हणाली, "कुणाचा डाव होता? राणी सोडून पळालाय!"

हळूहळू एकेक परत आला. शेवटी ज्वारीतला आला. आम्ही कुठून कुठं चाललो ते ऐकून त्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त धक्का बसला.

"चालत? एस्टीचा संप हाय का?"

"न्हाई."

"नवस?"

"न्हाई."

"मंग कामून?"

पंचफुला माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्या बाई लई बोलत्यात. चालल्या की गप ऱ्हातात." अप्पांचं वाक्य मी तिला कधी सांगितलं होतं? तिला सगळं लक्षात राहतं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आमचा जिल्हा कंचा झाला मग, नवा का जुना?" मी म्हटलं, तुमचा नांदेडच, तुमचं काही बदललं नाही. तो हिरमुसला.

पाणी मात्र निम्मा तांब्या मिळालं, दोघींत. विहीर नोव्हेंबरातच तळाला. उन्हाळ्यात काय होणार?

२२ नोव्हेंबर

रोजचं आता बसत चाललं आहे. उजाडायच्या आत उठायचं. शाळेचा व्हरांडा, नाही तर देवळाची ओसरी – रात्री जिथं पडलो असू ते झाडून द्यायचं. मी वाटीभर पाण्यात माझी पूजा उरकते. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेते, चार थेंब पाणी, विभूती, डोळे मिटायचे. तिकडं भिंतीपाशी पंचफुला हात जोडून त्रिसरण म्हणते. आधी एकमेकींसाठी थांबायचो. आता दोघींचं एकदमच चालतं. तिचं लवकर संपतं. मग ती चूल मांडते.

तिच्या पिशवीत भाकरीचं पीठ, तवा, औषधं. माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, दोघींची पांघरुणं, ही वही. चालताना तवा तिच्या पाठीवर वाजतो. टण्... टण्... मला त्याची इतकी सवय झाली आहे की ती थांबली तर मीही थांबते.

दुपारी एका सडकेला लागलो. पंचफुला मध्येच खाली बसली, डांबरातून वर आलेला एक खडा बोटानं चाचपला.

"बहात्तर सालाची सडक हाय ही. माझ्या आईची खडी हाय ह्यात."

नागुबाईनं त्या दुष्काळात इथं दगड फोडले. पंचफुला तेव्हा नवी नर्स, कामावरच्या बायकांना सुकडी वाटायला यायची – स्वतःच्या आईलाही रांगेतूनच. मीही तेव्हाच भेटले तिला. शाळेनं आम्हाला बायकांची हजेरी घ्यायला धाडलं होतं. भोवळ येऊन पडले, आणि तिनं तोंडावर पाणी मारून म्हटलं, "बाई, हजेरी बसून घ्या ना. उभं राहून काय जास्त बायका येनार हायत?"

दहा वर्षं झाली. नागुबाई दोन वर्षांपूर्वी गेली. आज तिच्या सडकेवरून आम्ही चालत होतो. पंचफुला उठली, तवा वाजला, निघालो.

२३ नोव्हेंबर, कंधार

तळं बरंच खाली गेलं आहे, पण तळं ते तळं. पाय सोडून बसलो. फोड फुटला. रेवणसिद्ध गेला, असं पंचफुलानं जाहीर केलं.

मुक्काम धुरपताबाई नावाच्या म्हातारीकडं. एकटीच राहते. तिनं आल्या आल्या विचारलं, "कुनाच्या गं तुम्ही?" मी अडखळले. पंचफुला सरळ म्हणाली, "मी बौद्धाची. ह्या लिंगायताच्या." म्हातारीनं जरा विचार केला. मग म्हणाली, "बरं बरं. म्या इचारलं कुनाच्या घरी निघालात. उगं जात कशाला सांगतीस? दोघी आत या, दार लावायचंय, कुत्रं शिरतंय."

पंचफुलाचं तोंड बघण्यासारखं झालं!

पण तिनं आधीच का सांगून टाकलं, ते मला माहीत आहे. आमच्या घरात सगळे शरण सारखे असं रोज म्हणतात, आणि पंचफुला आली की तिला चहा काचेच्या ग्लासात. तो ग्लास वेगळ्या फळीवर. दहा वर्षं. तिनं कधी काही म्हटलं नाही. मीही नाही.

२४ नोव्हेंबर, लोहा

पिशवीचा पट्टा घासून घासून गळ्यातला दोरा तुटला. इष्टलिंग पदरातच पडलं, नशीब! नवा दोरा नांदेडला बघू. तोवर कापडात गुंडाळून ठेवते.

२५ नोव्हेंबर

आजचं लिहायला हवं, सगळं.

सकाळी पूजा केली. कापडात गुंडाळून कप्प्यात ठेवलं, बटण लावलं. दोनेक तास चाललो. एका लिंबाखाली पंचफुला भाकरी सोडत होती. मी सहज कप्प्यात हात घातला.

कप्पा रिकामा.

अख्खी पिशवी रस्त्याच्या कडेला ओतली. पांघरुणं झटकली. चटणीच्या डब्यातसुद्धा बघितलं. नाही. आमच्याकडं मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, ते मातीपर्यंत सोबत. हरवलं तर सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. अप्पांचं एकदा यात्रेत हरवलं होतं, दीड दिवस उपाशी होते. नवरा गेला त्या दिवशीही माझी पूजा चुकली नव्हती. आणि आज ह्या तळव्याला काय सांगू?

माघारी फिरलो. वाट धुंडाळत. शाळेचा व्हरांडा पंचफुलानं बोटांनी चाळला. खरंच चाळला, ज्वारी चाळतात तसा. वाटेत एक गाडीवाला थांबला.

"काय हुडकून राहिल्या, बाई?"

"देव," पंचफुला म्हणाली.

"कुठं पडला?"

"म्हाईत न्हाई."

"मंग कुठं जाईल? असंलच की!" आणि बैल हाकून गेला.

मला हसू आलं आणि रडूही. नेमकं काय आलं कळलं नाही.

दुपार झाली. पंचफुला म्हणाली, "पानी पी."

"नाही चालत."

"रस्त्यात पडलीस तर लिंबाला बाटली टांगून सलाईन लावीन. मी नर्स हाय, सांगून ठिवते."

नाहीच प्यायले. तिनं मग भाकरी परत बांधली. तिनंही खाल्लं नाही. मी म्हटलं, तू खा. "मला भूक न्हाई." खोटं! तिला रोज अकराच्या आत भूक लागते. पाण्याला मात्र तिनं तोंड लावलं – "मी नाटक करनार न्हाई, तहान लागलीय."

पुन्हा नांदेडची वाट धरली. दिवस कलला तेव्हा वाटेवरच्या एका गावच्या शाळेत टेकलो. माझी जीभ टाळूला चिकटलेली. पंचफुलानं खाली बसायच्या आधी पिशवी आपटली. तिचा बाहेरचा कप्पा फुगलेला दिसला. ती त्यात कधी काहीच ठेवत नाही.

तिनं बटण काढलं आणि तशीच थांबली.

"गौरा... इकडं ये."

एक शिंपी, एक ताडपत्री, दोन सारख्या पिशव्या. सकाळी भिंतीला शेजारीशेजारी टेकवलेल्या. मीच ठेवलं होतं – तिच्या कप्प्यात!

"बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई मी," पंचफुला म्हणाली, "आन दिवसभर तुजा देव पाठीवर वाहिला! लोह्याला परत नेला, परत आनला. आई असती तर चपलेनं हानली असती."

मग दोघी हसलो. पोटात काही नव्हतं, तरी हसलो. शाळेच्या कवाडात शेळी उभी होती, ती घाबरून पळाली.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "घे. तूच काढ." तिनं कप्पा उघडा धरला होता. हात घातला नव्हता.

"तू दे," मी म्हटलं.

"मी हात लावलेला चालंल?"

"दिवसभर पाठ चालली, आता हाताचं काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग दोन बोटांनी नाही, सगळा हात घालून काढलं आणि माझ्या डाव्या तळव्यावर ठेवलं. नीट मधोमध. दहा वर्षं बघते आहे ना ती, कुठं ठेवायचं ते.

पूजा केली. पाणी प्यायले. भाकरी खाल्ली. इतकी गोड भाकरी आयुष्यात खाल्ली नसेल.

तो काचेचा ग्लास. घरी गेल्यावर पहिल्यांदा तो फळीवरून काढायचा, असं मनात आलं. मग आठवलं – घरी गेल्यावर पंचफुला चहाला येणारच नाही.

२६ नोव्हेंबर, नांदेड

रेवणसिद्ध! मोंढ्यात काम काढून आला होता म्हणे. काम कसलं, आम्हालाच शोधत होता. हातात नवे जोडे, पिशवीत चिवडा, अर्धा डबा बेसनाचे लाडू.

"अक्का, काय दशा करून घेतलीस! लोक इचारून राह्यले, तुमची अक्का घर सोडून गेली का? मी म्हन्लं, व्यायामाला गेली."

"व्यायामाला?"

"दुसरं काय सांगू?"

भोळा आहे माझा भाऊ. नव्या घराचं सांगत बसला. माझ्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. बाहेर नळ येणार आहे, आत्ता नाही, पण येणार. पोरं रोज विचारतात, अक्कात्या कधी येणार? मला त्याची माया येते. तरीही खिडकीचं ऐकताना मला खिडकीच दिसत होती, मी त्यात दिसत नव्हते.

जाताना तो पंचफुलाकडं वळला. हात जोडले. "नर्सबाई, अक्का तुमच्या भरवशावर सोडलीय. पळसवाडीला पोचलात की पयल्या गाडीत बसवून द्या. मी लातूरच्या स्टँडवर उभा ऱ्हातो."

"बसवते," पंचफुला म्हणाली. "शब्द दिला."

तिनं शब्द दिला म्हणजे झालं. आजवर तिनं दिलेला शब्द मोडलेला मी पाहिला नाही.

नवा दोरा घेतला. जोडे छान आहेत. चावतात.

२७ नोव्हेंबर, अर्धापूर

केळी! सकाळी केळी, दुपारी केळी. ज्यांच्या विहिरीला पाणी उरलं आहे त्यांच्या बागा हिरव्यागार, बाजूच्याच वाळून खडखडीत. एका बागवानानं पाण्याऐवजी केळीच दिली – "बाई, पानी मागू नका, घड मागा." पंचफुला म्हणाली, अजून दोन दिवस हेच चाललं तर झाडाला लोंबकळू.

२९ नोव्हेंबर, हदगाव

काही घडलं नाही. चाललो. तवा वाजला. फार सुखाचा दिवस.

१ डिसेंबर, हिमायतनगर

तीन दिवस झाले, एक गोष्ट विचारायची म्हणते आहे. सकाळी निघताना ठरवते – आज वाटेत विचारायचं. आणि चालायला लागले की अप्पांचं खरं होतं! जिभेवर नुसती धूळ.

आज स्टँडजवळ चहा पिताना आडून आडून सुरुवात केली. म्हटलं, तुला तिथं एकटीला करमेल का गं?

"न करमायला काय? बायका बाळंत होत ऱ्हानारच की."

"संध्याकाळी?"

"संध्याकाळी सुकट भाजीन. कवाधरनं जीव चाललाय. तुज्यापाई इतके दिस वासरावानी गवत खाल्लं!"

मग गंभीर झाली. "तुज्या भावाचं लई चांगलं हाय, गौरा. जीव लावतो. बायका कशा घरं फोडतात ते मी पाहिलंय. आपन त्यातल्या न्हाई."

मी चहा संपवला. काही बोलले नाही. आणि तेव्हा तर मी बसलेली होते! म्हणजे दोष पायांचा नाही.

३ डिसेंबर, पळसवाडी

पोचलो.

डोंगर. साग. पानं पिवळी पडलेली, पण डोळ्यांना किती बरं वाटतं! ओढ्यात डबकं आहे, बायका वाटीनं घागर भरतात. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती – नर्स चालत येऊन राहिली! ओट्यावर बायका जमलेल्या. एकीनं, जगदेवी तिचं नाव, पोट पुढं करून विचारलं, "बाई, माजं थांबलंय तुमच्यासाठी. आज उतरू का उद्या?" पंचफुलानं पिशवी न उतरवताच तिचं पोट तपासलं. "उद्या. आज माजे पाय दुखतात." सगळ्या हसल्या. पाच मिनिटांत ती त्यांची झाली. उदगीर खरंच मागं पडलं. मला ते पडताना दिसलं.

उपकेंद्राच्या मागं तिला दोन खोल्या आहेत. एकीत चूल. दुसरी रिकामी, भिंतीला पोपडे, खिडकी पश्चिमेला. खिडकीतून डोंगर. पंचफुलानं दगडानं भिंतीत खिळा ठोकला, पिशवी अडकवायला. मग दुसरा ठोकला.

"दुसरा कशाला?"

"छत्रीला."

तिच्याकडं छत्री नाही.

कदाचित घेणार असेल.

पहिली गाडी उद्या दहाला.

४ डिसेंबर, सकाळ

जगदेवी उतरली! मुलगी झाली. पंचफुला पहाटेच जाऊन आली, आंघोळ केली, आता चुलीपाशी आहे. माझी पिशवी तिनंच भरून दाराशी ठेवली आहे. शब्द दिला आहे ना.

ती काय म्हणेल, मला पाठ आहे. भाऊ स्टँडवर उभा राहील म्हणेल. मी शब्द दिलाय म्हणेल. माझ्या घरात देव्हारा नाही, सुकटीचा वास तुला सोसायचा नाही म्हणेल. शेवटी नाही म्हणेल.

अप्पांचं घर, सासर, परत अप्पांचं, मग रेवणसिद्धचं. घरं मला मिळत गेली. कधी मागितलं नाही. कसं मागतात तेच माहीत नाही.

रेवणसिद्धला मी स्वतः लिहीन, त्याला दिलेला शब्द मी मोडला, तिनं नाही. देव्हारा मला लागत नाही, माझा देव तळव्यावर मावतो. सुकट भाजलीस की मी ओट्यावर जाऊन बसेन.

वही मिटते. आत जाते. तिच्यासमोर, चुलीपाशी, मांडी घालून बसते, आणि म्हणते –

पंचे, मला इथं राहू दे.